घडीतला लाल

माझी चूक झाली होती तेव्हा मी सही केली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की ही बाई पडली तरी नाक वर म्हणणाऱ्यांपैकी आहे. त्या सहा महिन्यांत माझ्या वहीतल्या चाळीसएक ओळींवर मी माझ्या हाताने रेघ मारली आणि प्रत्येक रेघेशेजारी सही केली. नंतर आणखी तीन ओळींवर तशीच रेघ मार असं मला सांगण्यात आलं, आणि मी नाही म्हटलं. ही त्या तीन ओळींची हकिगत आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ॲन आर्बरला एम.एस. करत होते आणि तिथल्या दोन हिवाळ्यांनी माझी पार दैना केली होती. विदर्भातल्या उन्हात वाढलेल्या मुलीने पहाटे सायकलवरचा बर्फ खरवडून लेक्चरला जायचं, म्हणजे काय ते करून बघावं. अशात विभागाच्या फळ्यावर एक कागद लागला. कॅलिफोर्नियातल्या ओकच्या टेकड्यांमध्ये सुतार पक्ष्यांवर संशोधन चालू आहे, जून ते डिसेंबर सहायक हवेत, राहायची सोय होईल. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: काम विश्वसनीय वाटलं तर त्याच प्रकल्पात पीएच.डी.साठी घेण्याचा विचार होईल. माझा जीव त्या बारीक अक्षरात अडकला. व्हिसा संपत आला होता, पुढे कुठे प्रवेश नव्हता, आणि ती एक जागा मिळाली नाही तर सामान बांधून घरी परतायचं होतं.

प्रकल्पाच्या प्रमुख साठीच्या एक प्राध्यापक बाई होत्या. त्या महिन्यातून दोनदा येत, वह्या वाचत, आणि फारसं न बोलता निघून जात. रोजचं काम एका गोऱ्या मुलाच्या हाताखाली चाले. माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी मोठा, त्याचा तिथला सहावा हंगाम. आम्ही त्याला आपसात मुकादम म्हणत असू, म्हणजे मी म्हणे, आणि बाकीच्या दोघा सहायकांना तो शब्द मीच शिकवला होता.

त्या टेकड्या जूनमध्येच पिवळ्या पडतात. सुकलेलं गवत, त्यात दूरदूर उभे असलेले ओक, कुंपणाच्या तारा, कुठेतरी गुरं. आणि सकाळपासून कलकलाट. हे सुतार पक्षी एकटेदुकटे राहत नाहीत. दहाबारा जणांचं एकत्र कुटुंब असतं. तोंड काळंपांढरं रंगवल्यासारखं, डोक्यावर लाल टोपी, आणि डोळा पांढराफटक, त्यामुळे कायम कोणीतरी त्यांचा अपमान केल्यासारखा चेहरा. प्रत्येक कुटुंबाचं एक कोठाराचं झाड असतं. एखादा जुना, अर्धा वाळलेला ओक, आणि त्याच्या सालीला वरपासून खालपर्यंत हजारो भोकं. सप्टेंबर लागला की ओकची फळं पिकतात. सुपारीएवढं फळ, डोक्यावर खवल्यांची टोपी. ते एकेक फळ आणायचं, भोकात बसतं का बघायचं, नाही बसलं तर दुसरं भोक, आणि बसलं की चोचीने ठोकून पक्कं करायचं. पुढे फळ वाळून आक्रसलं की सैल होतं, मग ते काढून लहान भोकात हलवायचं. दिवसभर हेच. आमच्या आईची डब्यांची उलथापालथ सुद्धा एवढी चालत नसे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हे पक्षी मुळीच आवडले नाहीत. ती भोकं एका पिढीने पाडलेली नसतात. आजोबा-पणजोबांनी पाडलेल्या भोकांवर नातवंडं बसतात, आणि बाहेरचा कोणी आला की सगळं कुटुंब त्याच्या अंगावर धावून जातं. अशी माणसं मी भरपूर पाहिली होती. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या कोणी कसली भोकं पाडू दिली नव्हती, त्यामुळे त्या भरल्या झाडाखाली बसून नोंदी करताना मला कौतुकाऐवजी राग यायचा. पुढे लक्षात आलं की हरेक पक्षी, अगदी यंदा अंड्यातून निघालेलासुद्धा, चार नवी भोकं पाडतोच. मग राग थोडा कमी झाला.

आता कामाची रीत सांगते. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी घातलेली असत, आणि एका पायात नंबर कोरलेलं धातूचं कडं. नंबर लांबून वाचता येत नाही, म्हणून ओळख रंगांवर. आम्ही झाडापासून दूर, ताडपत्रीच्या आडोशात, दुर्बीण लावून तीन तीन तास बसत असू. कोण आलं, कोणी काय आणलं, कोणी कोणाला हाकललं, सगळं वहीत लिहायचं. त्या वहीचा कडक नियम होता. खोडरबर चालणार नाही, पांढरी शाई चालणार नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे, आणि रेघेशेजारी ज्याची चूक त्याने सही करायची. नोंद कोणाची, चूक कोणाची आणि दुरुस्ती कोणाची, हे वीस वर्षांनीही कळलं पाहिजे म्हणून.

मी पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. पक्षी खोडाला चिकटलेला असताना त्याची पाठ आपल्याकडे असते, तेव्हा त्याचा डावा पाय आपल्या डाव्या बाजूला. पण तोच पक्षी फांदीवर आपल्याकडे तोंड करून बसला की उलटं. मी सहा दिवस सरसकट माझा डावा हात बघून पाय लिहीत होते. मुकादमाने ते पकडलं, हसला, आणि म्हणाला की हे सगळ्यांचंच होतं. मी एका बैठकीत चाळीस ओळींवर रेघा मारल्या आणि चाळीस सह्या केल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. चूक माझी, सही माझी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी तलावाजवळच्या झाडासमोर बसले होते. तिथल्या कुटुंबात एक मादी दिसली. डाव्या पायात वर लाल, खाली निळं. उजव्या पायात धातूचं. ती आली, सरळ झाडाच्या दक्षिणेकडच्या एका सुकलेल्या फांदीवर गेली, तीन फळं काढून दुसरीकडे ठोकली. कोणी तिला हाकललं नाही. मी वहीत लिहिलं: लाल-निळी, लाल उडालेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच, तिसऱ्या दिवशीही.

संध्याकाळी मुकादमाने वही वाचली आणि भुवया उंचावल्या.

"लाल-निळी मेलीय," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात. ही बघ यादी."

त्याने भिंतीवरची यादी दाखवली. त्या कुटुंबातली सर्वांत म्हातारी मादी, लाल-निळी. तिच्यावर एक रेघ, शेजारी त्याची सही.

"मेलेली पाहिली होतीस?" मी विचारलं.

"तेव्हा सलग चार महिने दिसली नाही. हे पक्षी घर सोडून जात नाहीत. तू पाहिलीस ती केशरी-निळी. पलीकडच्या टेकडीवरच्या कुटुंबातली तरुण मादी. म्हातारीची जागा रिकामी झाली, ती येऊन बसली. मी अहवालातही तेच लिहिलंय."

"ते कडं केशरी नाही. लाल आहे, उन्हाने उडालंय."

"या अंतरावरून ते दोन सारखेच दिसतात."

"तुला दिसत असतील."

हे मी बोलायला नको होतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना आजार आहे. पलीकडच्या टेकडीवर जाऊन केशरी-निळी तिथे आहे का ते बघणं सोपं होतं. पण ती जमीन ज्या मालकाची होती त्याने वणव्याच्या भीतीने फाटकाला कुलूप घातलं होतं, पाऊस पडेपर्यंत उघडणार नव्हता. पक्षी जाळ्यात पकडून नंबर वाचावा, तर त्या हंगामातली पकडण्याची परवानगी संपली होती. मी म्हटलं, बाहेरची असती तर सगळे तिच्यावर तुटून पडले असते. तो म्हणाला, तो अंदाज झाला, पुरावा नाही. इथे मात्र त्याचं बरोबर होतं.

"तीन ओळी आहेत," तो शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाला. "रेघ मार, केशरी लिही, सही कर. नुसती फॉर्मॅलिटी आहे. नोव्हेंबरअखेर बाई वह्या बघून ठरवणार आहेत. उगाच तिथे प्रश्नचिन्ह कशाला?"

नुसती फॉर्मॅलिटी आहे. हे शब्द मी आमच्या घरात ऐकले होते, मराठीत.

माझे बाबा कापड गिरणीत रंगखात्यात होते. आजोबांच्या काळात आमच्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडाचा विटाळ. म्हणून आजोबा दुसऱ्या खात्यात, आणि त्यांच्यामागून बाबा रंगात. बाबांच्या बोटांवरून आज कुठला लॉट निघाला ते आम्हाला कळायचं. त्यांनी मला अक्षरांच्या आधी रंग शिकवले. बाजारात हात धरून चालताना ते मला विचारायचे, तो रंग पक्का की कच्चा? तो नवा की उडालेला? त्यांच्या मते मूळ रंग आणि उडालेला रंग यात फरक न कळणारा माणूस आंधळाच.

मी दहा वर्षांची असताना गिरणीत लाल रंगाचा एक मोठा लॉट बिघडला. साहेबांनी बाबांपुढे कागद ठेवला, माझ्या हातून चूक झाली असा. नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही करा. बाबांनी सही केली. आठवड्यात त्यांना रंगखात्यातून काढून गोदामात हमालीला लावलं. पुढची सतरा वर्षं त्यांनी कापडाच्या गाठी ओढल्या. घरी कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "झाली चूक." आई चिडली की म्हणायची, "सही केलीय ना, मग चूक तुमचीच." आणि मी, अठरा वर्षांची, कॉलेजात पहिली आलेली, एका भांडणात त्यांना म्हटलं होतं, "तुमच्यासारखी चुका करून सह्या करत बसणार नाही मी." ते उठले, चप्पल घालून बाहेर गेले आणि अंधार पडल्यावर भाजी घेऊन परत आले.

तर मी मुकादमाला म्हटलं, "मी जे पाहिलं नाही त्याच्यावर सही करणार नाही."

"आणि तू पाहिलंस ते चुकीचं असेल तर?"

"तर करीन. आधी चूक दाखव."

त्याने खांदे उडवले आणि माझ्या वहीच्या कडेला पेन्सिलने तीन प्रश्नचिन्हं काढली. पेन्सिलने, म्हणजे सही न करता. मला त्याचा एवढा राग आला की मी त्या रात्री जेवले नाही, आणि मी जेवण सोडणाऱ्यांपैकी नाही.

त्या आठवड्यात मी बाबांना पत्र लिहिलं. घरी फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या बूथवर बोलावून घ्यायचं तर ते धावत यायचे आणि दम लागल्याने मिनिटभर बोलूच शकत नसत. निळ्या हवाईपत्रावर मी पक्षी, कडी, भांडण, सगळं लिहिलं. सही केली नाही, एवढंच शेवटी लिहिलं. त्यांच्या सहीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

उत्तर यायला महिना लागणार होता. मध्ये दिवाळी आली. ॲन आर्बरच्या एका मैत्रिणीच्या ओळखीने दोन तासांवरच्या एका काका-काकूंनी मला फराळाला बोलावलं. पुण्याचे, तिथे पंधरा वर्षं झालेली, काका कॉम्प्युटर कंपनीत. काकूंनी प्रेमाने खाऊ घातलं, हे नाकारणार नाही. चिवड्याची तिसरी वाटी संपवताना मी हे सगळं त्यांना सांगून बसले.

"अगं, एवढं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "सॉरी म्हण, साइन कर आणि मूव्ह ऑन हो. एका बर्डसाठी करिअर स्पॉइल करतेस का? इथे ॲटिट्यूड दाखवला ना, की रेफरन्स मिळत नाही. यांना विचार."

काका म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पीएच.डी. मिळव, मग भांड."

"आणि तुम्हा लोकांना ना," काकू चकल्यांचा डबा पुढे सरकवत म्हणाल्या, "सगळ्यातच अन्याय दिसतो यार."

माझं आडनाव त्यांनी दारातच विचारून घेतलं होतं.

"तुम्हा लोकांना म्हणजे, काकू? पक्षी बघणाऱ्या लोकांना?"

काकूंचा चेहरा लाल झाला, आणि तो लाल कच्चा होता. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांची चौदा वर्षांची मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "शी सॉ इट, मॉम. व्हाय शुड शी साइन?" त्या घरात मला पटलेलं ते एकच वाक्य. चकल्या मात्र मी घेतल्या, आणि त्या खरंच चांगल्या झाल्या होत्या.

परत आले तर बाबांचं पत्र येऊन पडलं होतं. त्यांचं अक्षर मोठं आणि सुटं, सातवीपर्यंतच्या शाळेचं. ते पत्र माझ्याकडे आहे, त्यातलं एवढंच इथे देते.

"लाल रंग उन्हाने उडाला की केशरीसारखा दिसतो, पण केशरी होत नाही. दुकानदार फसतो, रंगारी फसत नाही. पण तू लांबून बघतेस, म्हणून नुसत्या डोळ्यावर विसंबू नको. कापड असेल तर घडी उलगडायची. जिथे ऊन पोचत नाही तिथे मूळ रंग राहतो. तुझ्या पक्ष्याच्या कड्याला घडी असते का ते बघ. घडीत केशरी निघाला तर निमूटपणे सही कर, तुझी चूक. लाल निघाला तर करू नको."

मी पत्र हातात घेऊन सामानाच्या खोलीत धावले. कड्यांची पेटी उघडली. आणि घडी होती! प्लॅस्टिकची पट्टी पायाभोवती गुंडाळताना तिचं एक टोक दुसऱ्या टोकाखाली जात होतं. झाकलेला तो भाग नखभरही नव्हता, पण कडं सैल असतं, पायावर फिरतं, आणि वरचं टोक काळाने जरा उचकटतं. सहा वर्षं ही कडी हाताळणाऱ्या मुकादमाला जे सुचलं नाही ते नागपुरात गोदामाच्या दाराशी बसून बाबांना सुचलं होतं. मी त्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले.

मग सुरू झाली माझी खरी बैठक. माझ्या ठरलेल्या पाळ्या संपल्या की मी माझ्या वेळात तलावाजवळच्या झाडापाशी जायची. दुर्बीण पायांवर लावून ठेवायची. सुतार पक्ष्याचे पाय म्हणजे आखूड, पोटाच्या पिसांत लपलेले. ती बया खोडाला चिकटे तेव्हा पाय दिसे पण कड्याची घडी आतल्या बाजूला. फांदीवर बसली तर पिसं आडवी. कधी ऊन समोरून, कधी मध्ये तिचा कोणीतरी पुतण्या. आठ दिवस मला काही मिळालं नाही. मान आखडली, हात गारठले, गवतातल्या गोचिडांनी पोटऱ्या फोडून काढल्या. मुकादम येताजाता बघायचा. एकदा त्याने कॉफीचा थर्मास आणून ठेवला आणि आपल्या कामाला गेला, आणि तो माणूस वाईट नाही हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

त्या दिवसांत माझी भीतीही जायची नाही. घडीत केशरी निघाला तर? सही करायची तयारी होती, पण मग बाबांचा डोळा माझ्यात आला आहे हा जो माझा एकुलता एक वारसा होता, तो खोटा ठरणार होता. पीएच.डी.ची जागाही जाणार होती. मी स्वतःला बजावत होते की घाबरायचं असेल तर घाबर, पण दुर्बिणीवरून डोळा काढू नको.

नवव्या दिवशी सकाळी थंडी होती आणि ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. लाल-निळी त्या सुकलेल्या फांदीवर ऊन खात बसली होती. तिने मान वाकडी केली, डावा पाय उचलला आणि डोकं खाजवू लागली. चांगली पाचसहा सेकंद. कडं पायावर फिरलं, उचकटलेलं टोक माझ्याकडे आलं, आणि त्याच्याखाली एक बारीक कोर दिसली. लाल. नव्या कोऱ्या पेटीतल्या कड्यासारखा गर्द लाल.

मी ओरडले नाही. वहीत वेळ लिहिली, मग मुकादमाला वॉकीटॉकीवर बोलावलं. तो पंधरा मिनिटांत आला. मी म्हटलं, "मी सांगत नाही, तू बघ." तो दुर्बिणीला डोळा लावून बसला. पक्षी उडून गेला, परत आला, पुन्हा गेला. यात दीड तास गेला. शेवटी ती परत त्या उन्हाच्या फांदीवर बसली आणि तिने पुन्हा पाय उचलला. तिच्या पिसवांनी त्या दिवशी माझ्यावर उपकार केले म्हणायचे.

मुकादमाने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. नुसतं म्हणाला, "लाल आहे."

परत गेल्यावर तो सरळ भिंतीवरच्या यादीपाशी गेला. लाल-निळीचं नाव त्याने खाली नव्याने लिहिलं, "जिवंत" असं लिहिलं, जुन्या रेघेशेजारी "चूक माझी" असं लिहिलं आणि सही केली. मग माझ्या वहीतली तीन प्रश्नचिन्हं खोडरबराने पुसली, कारण पेन्सिलची होती. अहवालाचं ते पानही त्याने त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं. मला म्हणाला, "सॉरी. चांगलं काम केलंस." आणि चुलीकडे जाऊन सूप ढवळायला लागला.

मी तिथेच उभी होते. जिंकले होते, आणि मला आनंद झाला होता, पण त्याहून जास्त राग आला होता, आणि तो त्याच्यावर नव्हता. त्याला ती सही करायला दोन सेकंद लागले. त्याचं खातं बदललं नाही. त्याला कोणी गोदामात पाठवलं नाही. त्याच्या मुलीने पुढे आठ वर्षांनी ती सही त्याच्या तोंडावर फेकली नाही. चूक कबूल करणं इतकं स्वस्त असू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि काही माणसांनाच ते स्वस्त का पडतं हे मला आधीपासून माहीत होतं.

नोव्हेंबरअखेर प्राध्यापक बाई आल्या. त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून वाचली. चाळीस रेघांपाशी थांबल्या, मग त्या तीन ओळींपाशी. "घडी बघायची कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांची. ते रंगारी आहेत." होते असं म्हटलं नाही. बाई म्हणाल्या, "जागा तुझी आहे. सप्टेंबरपासून." आणि पुढचं पान उलटलं.

घडीत लाल दिसला त्याच संध्याकाळी मी बाबांना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर डिसेंबरात आलं, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही कोठारातली भरलेली भोकं मोजत होतो तेव्हा.

"पोरी, सही केली नाहीस हे बरं केलंस. तुला एक सांगायचं राहून गेलं होतं. तो लॉट माझ्या पाळीचा नव्हता. मी त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होतो. साहेब म्हणाले, कोणीतरी एकाने सही करा, नाहीतर चौघांना काढतो. बाकी तिघांची पोरं लहान होती. तूही लहानच होतीस, पण ते मला नंतर सुचलं. आईला सांगू नको."

मी ते झाडाखाली उभी राहून वाचलं. डोक्यावर पक्ष्यांची ठोकाठोक चालूच होती. अठराव्या वर्षी मी काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं, आणि ते चप्पल घालून बाहेर गेले होते तेही. त्यांना एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. तीन घरं वाचवून हा माणूस भाजी घेऊन परत आला होता. मी खूप रडले. नंतर डोळे पुसले आणि वही काढली.

शेवटचं पान कोरं होतं. वर रीतीप्रमाणे तारीख, वेळ, हवामान आणि निरीक्षक म्हणून माझं नाव लिहिलं. आमच्या नोंदीत "पाहिलं" की "ऐकलं" हे लिहावं लागे, तिथे "ऐकलं" लिहिलं. पुढे "विश्वसनीय" असं लिहिलं. मग खाली, मराठीत, न मिटणाऱ्या शाईने: लाल रंगाचा तो लॉट माझ्या वडिलांच्या हातून बिघडला नाही. कागदावर सही त्यांची आहे, चूक त्यांची नाही. शेजारी माझी सही केली आणि वही जमा केली.

बाईंनी ते पान पाहिलं. काय आहे म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी वही मिटून कपाटात बाकीच्या वह्यांमध्ये लावली, आणि तिथे काहीही नष्ट करत नाहीत, त्यामुळे ती अजून तिथेच आहे. गिरणी केव्हाच बंद पडली, साहेबांचा तो कागद कुठल्या तरी रद्दीत गेला असेल. माझी नोंद मात्र टिकून आहे. कोणाला ती खोटी वाटत असेल तर त्याने खुशाल खोडावी. नियम सोपा आहे. एकच आडवी रेघ मारायची, आणि शेजारी स्वतःची सही करायची.